चौथी लाईन

डलूथमध्ये फेब्रुवारी. उणे एकोणतीस.
एवढं मोठं सरोवर, पण तेही बोलेनासं झालंय.
रायनो कोस्केला, वय एक्क्याऐंशी,
रिंकचा बर्फ गुळगुळीत करणारी गाडी
एकतीस वर्षं चालवलेला माणूस,
तळघराच्या दारातून हाक मारतो,
"ये, आज लाईनी पुऱ्या करू."

टेबलावर बायकोची कार्डं. ती गेली, कार्डं राहिली.
एका बाजूला तिच्या तिरप्या अक्षरात
वेलदोड्याचा पाव, साखर एक कप,
उलट बाजूला त्याच्या ठोकळ्या अक्षरात
सेंटर, एकोणीसशे अठ्ठावन्न.

नियम एकच : खेळाडू डोळ्यांनी पाहिलेला हवा.
काळाची अट नाही.
म्हणून खाणीत गेलेला फ्रँक पेरुशेक
आणि ज्याचा बाप तेव्हा रांगतही नव्हता
तो विमा कचेरीतला थीबो
एका बाकावर बसून
एकाच बाटलीतून पाणी पितात.

मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजतो,
पाच पाच करत. तसेच मोजून
गोल करणारे तिघं हुकमी एका ओळीत लावले.
त्याने काही न बोलता कार्डं उचलली.
"मग कोपऱ्यातून पक उकरून कोण आणणार?"

तोंडातून मराठीच निघालं :
सगळेच पालखीत बसले तर भोई कोण?
मग समजावून सांगितलं.
त्याने ते कॅलेंडरच्या कडेला टिपून घेतलं,
भोईचं 'बॉय' केलं.
मी राहू दिलं.

तीन लाईनी लागल्या. चौथीत
डावी बाजू रिकामी.
"तू ठेव कुणाला."
मी बर्फावर कुणालाच पाहिलं नाही, रायनो.
"मग तुमच्या गवतावरचं."
गवत कुठलं! खडकीला मुरूम होता,
दारूगोळ्याच्या कारखान्याच्या भिंतीलगत,
आणि त्यावर हौसाआत्या, लेफ्ट-इन,
वेण्या वर बांधून, कापडी बुटांत.

"गोल किती?"
कुणी मोजले? एकदाच नाव छापून आलं पेपरात,
तेही काळोखेचं काळे करून.
"शॉट डावा की उजवा?"

इथे मी अडलो.
आमच्या हॉकीत, रायनो, काठी एकाच हाताची.
सपाट बाजू एकीकडेच, डावखुऱ्यांसाठी ती बनतच नाही.
आणि आत्या तर जन्माची डावखुरी.
डाव्या हाताने वाढलं की बोटांवर उलथनं बसायचं.
मग भाताचा डाव उजव्यात, खडू उजव्यात,
काठीही उजवीच.
फक्त कधी चेंडू अवचित पायाशी आला
की हात आपोआप अदलाबदल व्हायचे,
काठीची पाठ लागायची चेंडूला,
आणि शिट्टी.

तो उठला. भट्टीच्या मागे
बराच वेळ खुडबुड.
एक काठी आणली, लाकडी,
पात्याचं वळण डाव्या हाताचं,
पट्टी पिवळी पडून सुटत आलेली.
कुणाची, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
टेबलावर आडवी ठेवली, कार्डांच्या वर.

"आहे का ती?"
नाही. बारा वर्षं झाली.
"चालतंय. इथे निम्मे तसलेच."

मग गोलकीपरवरून आम्ही
साडेदहापर्यंत भांडलो.
त्याला मुखवटा न घालणारा हवा होता,
मला दात असलेला.

निघताना मी टोपी कानांवर ओढत होतो,
तो पेन्सिल घेऊन मागे आला.
"आडनाव नीट सांग. एकेक अक्षर."
का. ते झालं.
ळो. तिथे थांबलो.
जीभ उलटी वळवून दाखवली,
त्याने दोनदा वळवून पाहिली, कवळी हलली.
माझ्या बिल्ल्यावर काय लिहितात?
एल लिहितात, रायनो. त्यावर भागवतो.
"एल," तो कार्डाकडे बघत म्हणाला,
"डाव्याचा एल?"
जवळपास, मी म्हणालो.