पथारीवरचा बर्फ

नंदुरबारात, रेल्वे फाटकाच्या पलीकडे,
जिथे पौषात जमीन दिसत नाही, नुसती मिरची दिसते,
तिथे हिरालाल शेठच्या पथारीवर,
दोन बांबूंना ताणलेल्या चादरीवर
एका रात्री बर्फ पडला.

पेटी सुरतेहून आली होती, पॅसेंजरने.
वरचं नाव कुणाला लागेना.
त्यातलं एक अक्षर तर
आमच्याकडे पाठ करून उभं होतं.
वाणी सरांनी सोबतची चिठ्ठी वाचली:
रशियन आहे. चित्रांचा सिनेमा. मुळात नाटक.

मुळात नाटक, एवढं ऐकून
सुपडू बोरसे सगळ्यात पुढे येऊन बसला.
दिवसा तो पोती शिवायचा.
तरुणपणी सोंगाड्या पार्टीत लुगडं नेसून नाचलेला,
अजूनही चालता चालता पदर सावरायचा,
नसलेला.

चादरीवर एक मुलगी. चुली बांधणाऱ्याची लेक.
गावातल्या सगळ्या चुली गार,
तिच्या ओंजळीत शेवटचा निखारा.
ती बोलली. ते बोलणं आमच्यापुढे
ओल्या लाकडासारखं पडून राहिलं.
मग सुपडू उठला आणि तिच्या तोंडात
आपली अहिराणी घातली:
"मन्हापान एवढासाच इस्तव शे व माय,
नदी कशी वलांडू?"

अस्वलाला त्याने फाटकवाल्याचा आवाज दिला,
गारठ्याच्या राजाला काट्यावरच्या मुनीमाचा:
"आधी तोल. देठ, माती, वल कापीसन मंग बोल."
पथारी हसली.
शेठही हसले, थोडे उशिरा.

मधेच त्याने काठीने चादरीवर दाखवलं:
बघा, या जंगलाला मागची बाजू नाही.
कुणी पाठ दाखवत नाही.
सगळे डावीकडून येतात, उजवीकडे जातात,
आणि मोठं वाक्य झालं की जरा थांबतात.
टाळीसाठी.
कुठल्या तरी बर्फाळ गावात कोण नट
त्या जागी थांबत असेल, कुणास ठाऊक.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

वारा फिरला. खकाणा उठला.
अख्खी पथारी शिंकली, डोळे पुसू लागली.
राजाने मुलीचा बाप दगडाचा केला तो हाच क्षण,
त्यामुळे कोण रडलं आणि कोण ठसकलं
याचा हिशेब लागला नाही.

नदीच्या मधोमध रीळ संपलं.
पुढचं पेटीत नव्हतंच.
उधन्याला राहिलं असेल,
नाहीतर नवापूरला चुकून उतरवलं असेल.
चादर पांढरी.
आम्ही बराच वेळ तिला बर्फच समजत होतो.

मशीनवाला दिवा मालवणार
तेवढ्यात सुपडू उजेडात शिरला.
हातात काही नाही, तरी ओंजळ.
सावलीने एक पाऊल टाकलं,
थांबली, पायाखालचं ऐकलं, दुसरं टाकलं.
एकदा खांदा हलला, पदरासाठी,
पण हात मोकळा नव्हता.

त्याने या वेळी एकही शब्द म्हटला नाही.
चादर संपली तरी तो चालतच राहिला,
पोत्यांच्या थप्पीमागे, अंधारात,
आणि बराच वेळ परत आला नाही.
टाळी कुठे द्यायची ते आम्हाला कळलं नाही.

घरी आईने हात ताकात बुडवले, रोजच्यासारखे.
दिवसभर देठ खुडलेले हात रात्री पेटायचे.
ती म्हणाली, वेडी का खुळी ती पोर,
एवढं चालायचं तर खापर घ्यावं, हातात कुणी धरतं?
मी अंथरुणात शिरलो. फाटकावरून मालगाडी गेली,
लांबलचक, संपता संपेना.
ती गेल्यावर आई पुन्हा बोलली,
माझ्याशी नव्हे, ताकाशी:
"पन मंग तिले कसं समजतं,
आजून पेटेल शे म्हनीसन."