लाईन

लाईन गेली.
पट्टा दोन फेरे आपल्याच जोरावर फिरला,
मग दगड थांबला, आणि सकाळपासून पहिल्यांदा
ऐकू आलं की बाहेर कोंबड्या आहेत.

डबे लायनीत उभे. कणबरकरांची ज्वारी,
मास्तरणीचा गहू, फातमाबीचे तांदूळ, भाकरीचे.
"कवा येणार की लाईन?"
"लाईनमनला फोन लावूलो की. लाईनच लागंना."

पोरगी उंबऱ्यावर वही घेऊन.
इंग्रजीच्या बाईंनी एकच शब्द दिलाय,
अर्थ लिहा, वाक्यात वापरा, किमान पाच.
रेघ लिही, म्हटलं. ओळ लिही. रांग लिही.
खांबावरची तार.
रेशनवाला ओरडतो ना, सालाग निंदर्री, ते लिही.
"ते कन्नड झालं की, आई."
बरं, आजोबांची लिही मग.
लोंढ्याच्या लायनीवर गँगमन होते,
घरात कुणी वाकडं बोललं की म्हणायचे,
लायनीवर ये आधी.
नागेंद्रमामाची नको लिहू.
तो कॉलेजच्या स्टॉपवर उभा राहून मारायचा, ती.
मामी तिथंच भेटली त्याला. तरी नको.

ती गणिताचं पुस्तक उघडून वाचते:
रेषेला लांबी असते, जाडी नसते.

मी काही बोलले नाही.
दारातून दिसतं, डांबराचा रंग बदलतो तिथून शिनोळी.
इथं अंधार, आणि तिथल्या टपरीतला फ्रीज
खुशाल घुमतोय. कणबरकरांचा पोरगा
ज्वारीचा डबा सायकलला बांधतो, माझ्याकडे न बघता.
जा बाबा, त्या गिरणीला लाईन आहे.

जाडी नसते म्हणे.
बापाच्या उताऱ्याचं मराठी करून घ्यायला
अडीच महिने लागले, ते कुठं ठेवायचे?
रोगाच्या वर्षी आत्ती गेली. साडेचार किलोमीटर.
कागद नाही म्हणून चेकपोस्टवर अडवली मला,
ऊन चढेपर्यंत उभी होते,
तिकडून धूर दिसला तेव्हा परत फिरले.
आणि एकदा आमचे हे कचेरीत गेले होते,
साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाला, गडी.
हे असे तापले! मी काय तुझ्या घरचा गडी हाय?
शिपायानं हात धरून बाहेर आणलं, चहा पाजला,
सांगितलं, अहो काका, ते सीमेला गडी म्हणतात.
घरी येऊन हसले. पण रात्री, जेवताना.

लाईन नसते तेव्हा मी टाकी लावते.
मेन खाली ओढायचा, वरचा दगड उतरवायचा,
छिन्नी घ्यायची आणि मधून कडेपर्यंत
एकेक रेघ पुन्हा कोरायची.
रेघा बुजल्या की दगड दगडावर नुसता घासतो,
पीठ ऊन ऊन पडतं, भाकरी थापताना चिरते.
फार खोल गेल्या तर कण्या राहतात.
किती, ते कुणी शिकवलं नाही. हाताला कळतं.
चौथीपर्यंत शाळा माझी. नाव सुरेखा.
वहीत कधी सरळ आली नाही रेघ,
दगडावर येते.

भुकटी उडून पापण्यांवर बसली होती,
पोरगी चारवर अडकून पेन्सिल चावत होती,
फातमाबी भिंतीला टेकून पेंगत होती,
तेवढ्यात टीसीच्या खांबावरनं सिद्राय ओरडला,
"अक्का! लाईन बिडली एनरी? सोडू का?"

मेन खाली आहे, ठाऊक होतं मला.
मीच ओढला होता.
तरी ओरडले, थांबा की!
हात आत हाय माझा!

सगळे गप्प. कोंबड्यासुद्धा.
पोरीनं मान वर केली.
"आई, हे लिहू पाचवं?"