चार नंबर निजवताना

मालक म्हणाले, तीन आठवडे.
चाकणची ऑर्डर थांबलीय, संपलेली नाही.
मी मान डोलावली
आणि आधी हॉपरची झडप सरकवली.
मशीन निजवायचं तर सुरुवात भुकेपासून.

आयटीआयचा पोरगा, नाव त्याचं ओवेस,
विचारतो, बटण दाबलं की झालं ना, ताई?
नाही रे.
भरल्या पोटी निजवलेलं मशीन
उठल्यावर काळं ओकतं.

आत पॉलिकार्बोनेट आहे, हेडलाइटच्या काचांचं.
दिसायला पाण्यासारखं, स्वभावानं आकसखोर.
थंड होताना पोलादाला धरून आकसतं
आणि सुटताना त्याची साल घेऊन सुटतं.
म्हणून मागून एचडीपीई घालायचं,
पांढरं, स्वस्त, कुणाशी वैर नसलेलं.
नोजल मागे घे. तोंड चुकव.
गॉगल कपाळाला नसतो, डोळ्यांना असतो.

पहिला गोळा धुरकट आला.
दुसऱ्यात तपकिरी शिरा,
तिसरा फुसकन थुंकला, ओवेस दोन पावलं मागे.
सातव्याला कुठे निव्वळ पांढरा.
हातमोज्यातून उचलून तो बघत राहिला:
चुंभळीसारखा दिसतो, म्हणाला,
आजी डोक्यावर ठेवायची तशी.
टाकू नकोस मग, थंड झाला की घेऊन जा.

स्क्रू पुढे टेकवून ठेवला.
हीटर एकेक करून घालवले.
घशाचं पाणी तेवढं चालू,
बॅरल निवेपर्यंत.
घसा आधी सुकला तर दाणे तिथंच
एकमेकांना मिठी मारून बसतात,
मग छिन्नीशिवाय ऐकत नाहीत.

साच्यातलं पाणी हवेनं उडवलं.
गवळीमाथ्याच्या बोअरचं पाणी, पोलाद खातं.
शिट्टी ओली वाजते तोवर फुंकत राहायचं,
कोरडी वाजली की गंजरोधक मारायचं
आणि साचा मिटायचा.
मिटायचा, ओवेस, आवळायचा नाही.
मूठ आवळून तीन आठवडे
झोपून दाखव तू.

ड्रायरमधले दाणे पिशव्यांत भरून तोंडं शिवली.
टायबारना ग्रीस, बोटानं, ब्रशनं नव्हे;
ब्रशला खाच कळत नाही.

कंत्राटी बायकांना कालच सांगितलंय, फोन करू.
भामाबाई वाघमोडे जाताना
ट्रिमिंगचा चाकू चिंधीत गुंडाळून देऊन गेली.
तुमच्याकडं असू द्या, तीन आठवड्यांनी लागेल.
तिनं तो घरी नेला असता
तर मला बरं वाटलं असतं की वाईट,
अजून ठरत नाही.
माझ्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात.

मग पॅनेलच्या दाराला आतून कागद चिकटवला:
तिसऱ्या झोनचा आकडा आठ अंशांनी खोटं बोलतो.
पंप सकाळी दोन झटके देतो, घाबरू नये.
हीटर लावल्यावर तासभर स्क्रू फिरवू नये,
कुणी कितीही घाई केली तरी.
खालचा डावा बोल्ट अर्धा आटाच घट्ट होतो, तेवढाच करावा.

ओवेसनं वाचलं.
हे तर तुम्हाला सगळं पाठ आहे, ताई.
हो, म्हटलं.
आणि अक्षर जरा गिचमिड झालं होतं
म्हणून खोटं बोलतो वर पुन्हा पेन फिरवलं.

शेडमध्ये आता आवाज नाही.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
भिंतीपलीकडच्या लेथचा सूर ऐकू आला,
बारीक, जरा बेसूर.
ताडपत्री घडी घालून तयार आहे,
मेन स्विचला लावायची पाटी तयार आहे,
तिच्यावर 'बंद तारीख' भरली,
'चालू तारीख' समोरची रेघ तशीच.

घशाचं पाणी राहिलंय.
उलटा हात टेकवून बघितला.
अजून अंगात ताप आहे.
तू नीघ, म्हटलं ओवेसला, तुझी बस जाईल.
तो गेला नाही.
कोपऱ्यातलं दुसरं स्टूल त्यानं ओढून आणलं,
मांडीवर पांढरी चुंभळ.
बसलो.