परत येतं का?

मे महिन्यात अक्कलकोट रोडचं डांबर
दुपारी दोनला मऊ पडतं.
चप्पल रुतते, सुटताना चक् करते.
रात्री पुन्हा घट्ट.
पदार्थ तोच, म्हणून भौतिक बदल:
सातवीच्या पेपरात असं लिहून
मी पूर्ण मार्क घेतले होते.

नायना रंगखात्यात.
टाकीत सोडा पडतो, पारा साठावर चढतो
आणि लाल रंग सुताला असा धरतो
की मग तो सुताचाच.
टॉवेल विरतो, लाल जात नाही.
नायनांच्या नखांतलाही.
रासायनिक.

घरी येतात तेव्हा बनियनवर
मिठाच्या पांढऱ्या रेघा.
पाणी उडालं, मीठ राहिलं,
हे भौतिक, मी सांगते.
"मग आण की परत ते पाणी,"
म्हणतात, आणि मोरीकडे जातात.

अम्मा ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर टाकते.
फुगते ती वाफेनं. डाग पडतो तो कायमचा.
उरलेल्या पत्र्यावर,
उन्हात वाळून खापरासारख्या कडक.
आमटीत चुरली की मऊ होते भाकरी,
पण पीठ होत नाही.
कुठल्या रकान्यात लिहू हिला?
"आधी जेव," अम्मा म्हणते.

खातं बंद झालं त्याला दोन उन्हाळे झाले.
गेटासमोरच्या वळणावर, घट्ट डांबरात,
एका टायरच्या चपलेचा ठसा आहे,
उजवा जरा खोल,
सुताचं ओझं त्याच खांद्यावर असायचं.

पदार्थ तोच.
उत्तर माझं बरोबरच होतं.