रकाना

मोजणीच्या कागदावर आधी नाव, मग गाव, मग वय.
अठरा ते पस्तीस. छत्तीस ते एकोणसाठ. साठ आणि वर.
दसारामजी कापगते म्हणाले,
"मले काऊन विचारता बाप्पा, पाखरं मोजा ना."
मग थोडं थांबून,
"पाळ फुटली होती त्या साली मी रांगत होतो म्हणे.
कोन्ती पाळ, ते नका विचारू."
रुचितानं हसत शेवटच्या रकान्यात खूण केली.
माझ्यापुढे तिचं पेन हवेतच राहिलं.
"काका, तुम्ही?"
एकवीस दिवस बाकी आहेत, मी म्हणालो.
मधल्यात टाक.

डिसेंबर. बोडीवर धुकं, शिंगाड्याचे वेल,
मागे कापलेल्या धानाच्या बांध्यांत लाखोरी वीतभर आलेली.
तन्वेशच्या गळ्यात जी लेन्स होती
तिच्या पैशात दोन बैल आले असते, असं दसारामजी म्हणाले
आणि लगेच, "पन बैल कोनाले पाह्यजेत आता," असंही.
पोरांचे कपडे झाडासारखे, चिखलासारखे रंगवलेले.
माझा स्वेटर मरून.
दसारामजींचं धोतर पांढरंफेक,
आणि अडया उडाल्या नाहीत त्यांना पाहून.

ते मोजतात ते असं:
डाव्या खिशात लाखोरीचे दाणे,
दहा पाखरांमागे एक दाणा उजव्या खिशात.
तरणेपणी याच बोडीत जाळी लावून त्यांनी अडया धरल्या,
विकल्या, खाल्ल्या,
हे ते लपवत नाहीत.
तन्वेशनं तोंड फिरवलं.
माझ्याकडे तीस वर्षांच्या वह्या आहेत, शाईनं लिहिलेल्या,
त्यांतही हे कुठं लिहिलेलं नाही.
मला माहीत होतं. मी मधल्या रकान्यातला.

रुचिताचा आकडा चारशे बारा.
दसारामजींच्या उजव्या खिशात बेचाळीस दाणे.
"आठ कुठून आल्या जास्तीच्या?"
"तुह्या मागून उडाल्या त्या, माय."

मग बेशरमाच्या झुडपाकडे तिनं एकदम मान वळवली.
"वटवट्या! ऐकलं?"
मी कान लावला.
पाणी होतं, दूर कुणाचा तरी पंप होता,
पंपाच्या वर काहीच नव्हतं.
तिनं मोबाइल पुढे धरला:
काळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा,
बारीक, वर वर चढत जाणाऱ्या,
उंबरठ्यावरच्या रांगोळीसारख्या.
इतका आवाज होत होता तिथं
आणि मला तो फक्त दिसत होता.
"हो हो," मी म्हणालो, "आहे ना."

ती पुढे गेली. दसारामजी जवळ सरकले.
"नाही आलं न ऐकू?"
मी गप्प.
"मले तं दहा-बारा सालापासून येत नाही तो.
मी पोट्ट्याईच्या मानेकडं पाहातो.
मान वळली का समजतो, बोललं पाखरू."
मग, जरा नाराजीनं,
"तू आत्ता आत्ता बहिरा झालास,
म्हून तुले लाज वाटून राह्यली."
साठीला टेकलेल्या माणसाला
आता अरेतुरे करणारे किती उरलेत, हे मी मोजलं नाही.

पाळीवर चहा आला, स्टीलच्या डब्यातून आलुबोंडे.
बोलता बोलता दसारामजी उजव्या खिशातले दाणे
एकेक तोंडात टाकू लागले.
"आजोबा! अहो मोजणी खाताय तुम्ही!"
तन्वेश ओरडला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.
म्हाताऱ्यानं मूठ उघडली. सहा दाणे.
"बाकीच्या उडाल्या म्हून लिही."

रुचिता हसता हसता थांबली.
तिची मान पुन्हा बेशरमाकडे वळली,
डावीकडे, किंचित खाली.
मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं:
वटवट्या, एक.
पुढे आणखी एक रकाना होता,
पाहिला की ऐकला.
तो मी तसाच सोडला.