बशीर मिस्त्रींचं नाक

द्वारकेच्या सिग्नलला पहिल्यांदा आला तो वास.
वाटलं, शेजारच्या ट्रकचा असेल.
ट्रक धुळ्याकडे गेला,
वास माझ्यासोबत वडाळा नाक्यापर्यंत.

बशीर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं
आणि दोन पावलं मागे सरकले.
"नाक गेलंय माझं, मॅडम. चार वर्षं झाली.
तुम्हीच हुंगा. कसा येतो?"

जळक्या रबराचा.
"ते सगळेच म्हणतात.
जळक्या कागदासारखा असेल तर क्लच.
चाकाला हात लावून पाहिला, ब्रेक नाही."

मी वाकले. डोळे मिटले.
कुकरची रिंग, पाणी आटलेल्या कुकरची.
आणि तिच्याखाली, अगदी बारीक,
बाकावर घासघासून गरम केलेलं
शाळेतलं खोडरबर.

"हां. आता एसी लावा."
लावला. आत काहीतरी किंचाळलं.
"बंद."
कान पुढे काढून ते हसले:
कॉम्प्रेसरची पुली जाम. पट्टा जागच्या जागी घासतोय.

पट्टा निघाला तो काचेसारखा चकचकीत,
कडेचे धागे सुटलेले.

पोरगा नवी पुली घेऊन येईस्तोवर चहा आला.
मिस्त्रींनी ग्लास सवयीनं नाकाशी नेला,
थोडे थांबले.
"आलं घातलंय का ह्यात?"

घातलंय, मी म्हटलं.
जरा जास्तच.