वरच्या ओळीत काळे चौकोन

"काका, बोलूनच नाही राहिलं ते,"
करिश्मा पेंदोरनं फोनवर सांगितलं.
अंडी हलवायची नाहीत, म्हणून मीच गेलो,
मार्गशीर्षात, मफलर बांधून,
पारव्याहून सात किलोमीटर, मांडीवर पान्यांची पिशवी.

मी मोटारी भरणारा माणूस.
जळलेलं तांबं मला वासावर कळतं.
पाच व्होल्टची ही नखाएवढी जात
माझ्या हातची नव्हे, हे आधीच सांगून टाकलं.

थर्माकोलचं खोकं, आत साठचा बल्ब,
बल्बाखाली तेवीस गावरान अंडी,
एका अंगाला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या अंगाला गोल.
खोक्याच्या कपाळावर पडदा, हिरवा, उजळलेला,
वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन,
खालची ओळ कोरी.

मी पेचकसानं बारका स्क्रू फिरवला.
चौकोन विरले, मग पुन्हा गडद झाले.
म्हणजे डोळे शाबूत.
करिश्मा म्हणाली, चौकोन दिसतात
म्हणजे वीज पोचली,
शब्द पोचला नाही.
हे तिनं इतकं सहज म्हटलं
की मी दोन घोट चहा घेतला तेव्हा कुठे कळलं.

आणि आत, टक्, रिले पडत होता.
बल्ब लागत होता, विझत होता.
ऊब मोजणारा मोजत होता, करणारा करत होता,
चार दिवस, कुणाला काही न सांगता.

पडदा उलटा केला. सोळा पाय.
पहिला, दुसरा विजेचा. तिसरा त्या स्क्रूचा.
पाचवा जमिनीला बांधलेला, बरोबर.
सहाव्याशी माझी नजर थांबली.
डाग होता, पण मळकट, दाणेदार,
थंड पडलेल्या तुपासारखा.
असे डाग मी तीस वर्षं उकरतो आहे.
वरून धरलेला, आतून सुटलेला.
"हा पाय म्हणजे दाराची कडी, काका," ती म्हणाली,
"हा हलला की तो ऐकते."
थोडी राळ, गरम टोक, मोजून तीन श्वास.
धूर तिच्या आईच्या चुलीच्या धुरात मिसळला.

वीज दिली.
चौकोन गेले.
आणि आले काहीतरी विळे, आकडे, मोडक्या खुर्च्या,
त्यांच्यात एकटा तीनचा आकडा खरा.
मी घाबरलो, जाळलं वाटते.
ती हसली. "जपानी हाय. कारखान्यातूनच
पोटात घेऊन येते तो."
मग वायरींवर बोट ठेवत ठेवत गेली
आणि शेवटच्या दोघी, निळी आणि करडी,
एकमेकींच्या जागी बसलेल्या सापडल्या.
"रात्री जोडलं होतं. लाइन नव्हती.
मोबाइलच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसल्या."

सदतीस पूर्णांक पाच.
इंग्रजीत, स्वच्छ.

दुर्पताबाई चुलीपासून उठून आल्या,
पदराला हात पुसत वाकून पाहिलं.
"काय म्हणून राहिलं वं ते?"

पडदा जपानी जाणतो, इंग्रजी जाणतो.
आपल्या अक्षरांसाठी त्यात आठ रिकामी घरं,
पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच.
करिश्मानं चौकटीची वही काढली.
ऊ. ब. ठ. ी. क.
ऊ काही केल्या पाच ठिपक्यांत मावेना,
तिनं त्याची शेपटी कापली.
मी म्हटलं, वाचता येईल का?
"पाहू."

माझी शेवटची फटफटीची वेळ, अंधार पडून गेला होता,
तरी थांबलो.
अक्षरं आली, पण घराघरांत फट,
शिरोरेषा दर पावली तुटलेली.
दुर्पताबाईंनी बोट फिरवलं,
बचत गटाच्या रजिस्टरवर फिरवतात तसं,
फटीवर न थांबता.
"उ-ब... ऊब. ठीक."
मग खोक्याकडे नाही, माझ्याकडे पाहून:
"भाकर खाऊन जा जी. हे तर आता राहीलच सांगत."

परत येताना वाटेवर धुकं.
पिशवीत राळेची डबी उघडी राहिली होती,
सगळे पाने चिकट.
एकविसाव्या दिवशी काय झालं
ते तिनं अजून कळवलेलं नाही.